आमचा लटारू

लटारू देवगडे गेला त्या दिवशी कॉलनीतलं एकही दुकान उघडलं नाही. राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीची ही कॉलनी. इथं कोणी गेलं की शेजारपाजार जमायचा, दोन-चार भाऊबंद यायचे आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं. पण लटारूसाठी बल्लारपूरहून ट्रक भरून माणसं आली. चंद्रपूरहून आली. नागपूरहून दोन जीपा आल्या, त्यांतून पिकल्या केसांचे उंच उंच गडी उतरले. एके काळी ते त्याच्याविरुद्ध बास्केटबॉल खेळले होते आणि बहुतेक वेळा हरले होते. तीन आठवड्यांच्या काविळीनं सहा फूट तीन इंचांचा माणूस खाटेवर सुकून पडला होता, आणि त्याला बघायला १९८४ च्या फेब्रुवारीत, भर दुपारी, हजारभर लोक रांगेत उभे होते.

केसर त्याची बायको. शेवटचं तोंड पाहायला ती उठली तेव्हा पुढे नुसत्या पाठी होत्या. एका माणसाला ती म्हणाली, "जरा सरकता का भाऊ." तो हुंदके देत होता. त्यानं वळून विचारलं, "तुम्ही कोण बाई?"

मागून शेजारच्या शकुबाईनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा तो ओशाळून बाजूला झाला. पण ते तीन शब्द केसरच्या छातीत जाऊन बसले ते बसलेच.

भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. मग गुणवंतराव पुढे आले. ते कॉलनीच्या शाळेतले खेळाचे सर, आता निवृत्त झालेले. बांधावर बैल राखणाऱ्या लटारूची उंची पाहून, विसाव्या वर्षी त्याच्या हातात पहिल्यांदा बॉल दिला तो यांनीच. त्याला खाणीच्या साहेबापुढे उभं करून नोकरी मिळवून दिली तीही यांनीच. त्यांनी एक झिजलेला बॉल लटारूच्या उशाशी ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "आमचा लटारू गेला."

सगळे रडले. त्या रडारडीत केसर मनाशी म्हणाली, तुमचा?

ती आरमोरीकडची. बाप दुसऱ्याच्या शेतात बटईनं धान पिकवायचा, त्यामुळे तिचं लहानपण रोवणीच्या चिखलात गेलं, शाळेचं तोंड काही दिसलं नाही. १९६३ साली स्थळ आलं, मुलगा खाणीत आहे, बॉल खेळतो म्हणून साहेबानं ठेवून घेतला आहे. तिच्या आईला हे काही पटेना. बॉल खेळणं ही कोणती नोकरी, असं ती लग्न लागेपर्यंत विचारत होती.

लटारू वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, तोंडात शिवी नाही. घरी यायचा, हातपाय धुवायचा, ताटावर बसायचा. भाजी खारट झाली तरी खायचा, अळणी झाली तरी खायचा. मग भिंतीला पाठ लावून छताकडे पाहत पडायचा. एकवीस वर्षांत घरात तो जेवढे शब्द बोलला ते सुपात घेतले असते तर सूप भरलं नसतं. केसरनं आधी वाट पाहिली, मग चिडून पाहिलं, मग एकेका माणसाचा स्वभाव असतो असं म्हणून गप्प बसली.

लग्नानंतरच्या वर्षी ती एकदाच ग्राउंडवर गेली होती. सिमेंटचं ते ग्राउंड घरापासून दोनशे पावलांवर. शकुबाईला सोबत घेऊन ती कडेला उभी राहिली. लटारूचं लक्ष गेलं, आणि त्याचे पुढचे दोन बॉल रिंगला लागून परत आले. पोरं हसली. घरी आल्यावर तो म्हणाला, "तू तिथी नको येत जाऊ." काऊन, ते सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून बाजाराला जातानाही ती लांबच्या वाटेनं जाऊ लागली. सवत असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. सिमेंटशी कोण भांडणार?

त्यांना पहिला मुलगा झाला, लहानू. दीड वर्षाचा होऊन तो तापानं गेला. दोन वर्षांनी कांता झाली. लहानूचं नाव लटारूनं त्यानंतर घरात कधीच घेतलं नाही. केसरनं एकदा-दोनदा विषय काढला, तर तो उठून बाहेर गेला.

लटारूच्या जाण्यानंतर चार महिन्यांनी खाणीनं तिला नोकरीवर घेतलं, लॅम्प रूममध्ये. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस खिडकीशी येऊन आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि ती त्याला टोपीवर लावायचा दिवा द्यायची. पाळी संपली की दिवा परत, बिल्ला परत. काम हलकं होतं. जड होतं ते खिडकीतून येणारं बोलणं. लटारूभाऊची बायको खिडकीत बसते म्हटल्यावर जो तो दिवा घेता घेता काहीतरी सांगून जायचा. सांत्वन म्हणूनच सांगायचे बिचारे.

कोणी सांगायचा, लटारूभाऊ गाणं म्हणत म्हणत बॉल पुढे न्यायचा, समोरचा गाणं ऐकत राहायचा आणि हा बाजूनं निघून जायचा. कोणी सांगायचा, तो पंचांची अशी नक्कल करायचा की पंचच पोट धरून हसायचे. हरल्यावर रडणाऱ्या पोरांना तो मुखरूच्या पानठेल्यावर नेऊन गोड पान खाऊ घालायचा आणि त्यांच्याशी तासतास बोलत बसायचा. त्याच्यासोबत दहा वर्षं खेळलेला बिरजू एकदा खिडकीशी थांबून म्हणाला, "भाभी, इतना हँसाता था, पेट दुखता था. घर में तो और हँसाता होगा."

केसरनं दिवा पुढे सरकवला आणि म्हणाली, "हो."

घरी येऊन ती चुलीपुढे बसली आणि तिला कळेना, आपल्याला हे काय होऊन राहिलं आहे. दुःख असतं तर रडून हलकं झालं असतं. ही जळ होती. पोटात निखारा ठेवल्यासारखी, पाणी प्यायलं तरी न विझणारी. लटारू गाणं म्हणायचा, आणि ते गाणं बिरजूला माहीत होतं, मुखरूला माहीत होतं, बल्लारपूरच्या ट्रकभर लोकांना माहीत होतं. तिच्या वाट्याला आला तो थकलेला, भिंतीला टेकलेला. जणू उसाचा रस बाहेर वाटून चिपाड तेवढं घरी यायचं.

सगळ्यांत जास्त सांगितली जायची ती नागपूरची गोष्ट. मुखरूनं आपल्या ठेल्यावर लटारूचा फोटो लावून रोज हार घालणं सुरू केलं होतं, आणि कोणी नवखा आला की तो ही गोष्ट सांगायचा. विदर्भातला सगळ्यांत मोठा सामना. समोर नागपूरचा नावाजलेला संघ. लटारूनं एकट्यानं चौतीस गुण केले, त्यातले निम्मे डाव्या हातानं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "आन् मंग," मुखरू आवाज खाली आणायचा, "कप घ्यायले पण थांबला नाई. खेळाच्या कपड्यातच निघून गेला. मानपान नकोच होता त्याले. असा माणूस."

केसरनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली की तिला ती पाठ झाली. कोणत्या सालची, कोणत्या महिन्यातली, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगणाऱ्याला बरं वाटलं असतं, आणि तेवढंही सुख तिला त्यांना द्यायचं नव्हतं.

दिवाळीनंतर लटारूच्या नावानं स्पर्धा भरवायचं ठरलं, जानेवारीत. त्या निमित्तानं एका रविवारी सकाळी अन्नपूर्णाबाई घरी आल्या. राजुऱ्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका, सिरोंच्याकडच्या, बोलण्यात तेलुगूचा हेल. वय अडतीसच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. केसरनं त्यांना लांबून पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांनी लटारूचा खेळायचा बनियन मागितला, सात नंबरचा. स्पर्धेच्या दिवशी काचेच्या पेटीत ठेवायचा होता.

मग त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. पुठ्ठ्याला खाकी कागद, कोपरे झिजलेले. लटारूचा एकेक सामना तीत लिहिलेला होता. तारीख, गाव, समोरचा संघ, किती गुण. बारा वर्षांतले दोनशेवर सामने आणि शेवटी बेरीज, चार हजार सहाशे शेहेचाळीस. नागपूरला कॉलेजात असताना त्यांनी लटारूला पहिल्यांदा खेळताना पाहिलं आणि त्या दिवसापासून वही सुरू केली. राजुऱ्याला नोकरी मिळाल्यावर तर काही अडचणच राहिली नाही.

"रविवारी सकाळी ते माझ्या शाळेच्या मुलींना शिकवायचे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सहा वर्षं. तुम्हाला माहीतच असेल."

केसरला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी तो जादा पाळीला जातो असं ती समजत होती. खोलीच्या दाराशी कांता उभी होती, तेरा वर्षांची, बापासारखीच ताडमाड वाढलेली. दुसऱ्यांच्या पोरींना सहा वर्षं शिकवलं, आणि स्वतःच्या पोरीला एकदाही चल म्हटलं नाही. केसरनं अन्नपूर्णाबाईंकडे नीट पाहिलं. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, हातात घड्याळ, वहीवर ठेवलेली लांब बोटं. लोक काय काय बोलतात ते तिला ठाऊक होतं, आणि या बाईबद्दल तसं काही नव्हतं हेही तिला दिसत होतं. तसं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. त्याला नाव तरी देता आलं असतं.

बनियन सापडत नाही, असं ती म्हणाली. तो ट्रंकेत घडी घालून ठेवलेला होता. वही मात्र चार दिवस राहू द्या, पोरीकडून वाचून घेते, असं म्हणून तिनं ती मागून घेतली. अन्नपूर्णाबाईंना बरं वाटलं. केसरला वाचून घ्यायची काही हौस नव्हती. चार दिवस का होईना, त्या बाईच्या हातातून वही निघावी, एवढंच तिला हवं होतं.

पण घरात आल्यावर वही तिला स्वस्थ बसू देईना. दुपारी तिनं कांताला समोर बसवलं आणि पहिल्या पानापासून वाच म्हटलं.

कांतानं वाचलं. "सतरा नोव्हेंबर एकोणीसशे एकोणसत्तर. नागपूर. अंतिम सामना, दुपारी चार वाजता. लटारू देवगडे, चौतीस गुण." खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, "सामना संपताच निघून गेले, कप घेतला नाही."

केसरनं तारीख पुन्हा वाचायला सांगितली. मग तिसऱ्यांदा. तिला अक्षर येत नव्हतं, पण ही एक तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी लहानू गेला होता.

धानाच्या कापणीला ती माहेरी आलेली होती, आरमोरीला. पोराला ताप चढला तो उतरेना. आदल्या संध्याकाळी तिच्या भावानं खाणीच्या पत्त्यावर तार केली. सतरा तारखेला दिवसभर ती दाराकडे पाहत होती. दिवेलागणीला पोरगं गेलं. रात्र तिनं तशीच काढली, कोणाला त्याला हात लावू दिला नाही, त्याचा बाप येऊ दे म्हणाली. लटारू आला दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर, धुळीनं माखलेला. तोवर भावानं तिची समजूत घालून पोराला नेलं होतं. "खाली होतो," लटारू म्हणाला. "खाणीत. वर आल्यावर समजलं." ते तिनं मान्य केलं. जमिनीखाली असलेल्या माणसाला कोण कसं बोलावणार. पंधरा वर्षं तिनं हे मान्य केलं होतं.

तिनं वही मिटायला सांगितली. पुढच्या रविवारी ती राजुऱ्याला गुणवंतरावांच्या घरी गेली. सर ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

"सर, नागपूरच्या सामन्याच्या दिवशी कांताच्या बाबांले निरोप भेटला होता का?"

गुणवंतरावांचा हात थांबला. मग जे सांगितलं ते खाली बघूनच. तार सकाळी खाणीत पोचली होती. तिथल्या बाबूनं नागपूरला फोन केला, आणि बारा वाजता निरोपाची चिठ्ठी गुणवंतरावांच्या हातात आली. पोरगं अत्यवस्थ, ताबडतोब निघा. एक वाजता ब्रह्मपुरीची गाडी होती. ती धरली असती तर लटारू दिवस मावळायच्या आत आरमोरीला पोचला असता. सरांनी चिठ्ठी खिशात ठेवली. दहा वर्षं त्यांनी त्या एका सामन्याची वाट पाहिली होती. पोरांचे ताप येतात न् उतरतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सामना संपल्यावर, लोकांच्या खांद्यावरून लटारू खाली उतरला तेव्हा त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"त्यानं एवढंच विचारलं, किती वाजता आली. मी खरं सांगितलं. तो तसाच निघाला. मी त्याची पँट घेऊन मागं धावलो, त्यानं वळून पाहिलं नाही. ब्रह्मपुरीपर्यंत ट्रकनं गेला म्हणे, ट्रकवाल्याचेच कपडे घालून, पुढं पायी." सरांनी एक शेंग उचलली आणि तशीच खाली ठेवली. "त्यानंतर त्यानं मला सर म्हटलं नाही, केसर. मेला तोवर नाही. पण तुला त्यानं हे सांगितलं नाही, हे मला माहीत होतं. त्याला लाज वाटायची. बाप पोटच्या पोरासाठी तडफडत नव्हता, खेळत होता, हसत होता, हे तुला कसं सांगायचं."

केसरनं विचारलं, मग तो परत खेळायला कसा आला?

"मी बोलावलं नाही. महिन्याभरानं आपणच आला. सकाळी, कोणी नसताना. एकटाच रिंगखाली बॉल टाकायचा आणि बोलायचा. मला वाटलं स्वतःशीच बोलतो. मग नाव ऐकू आलं. पोराशी बोलायचा तो. पाय इकडं ठेव लहानू, हात वर कर, असं."

"किती दिवस?"

"दिवस?" गुणवंतराव म्हणाले. "खेळ सोडेपर्यंत."

सरांचा राग यायला हवा होता. तो आला, पण उशिरा, परतीच्या वाटेवर. ओसरीत उभी असताना तिला दुसरंच काही चढलं होतं. लहानू तिच्या पोटचा, तिच्या मांडीवर गेलेला. त्याचं नाव घरात घ्यायची चोरी होती. एक शब्द तो बोलावा म्हणून ती पंधरा वर्षं टपून बसली होती, आणि तो शब्द रोज सकाळी दोनशे पावलांवर सांडत होता, सिमेंटवर, लोखंडाच्या कडीखाली. गाणं गेलं, हसू गेलं, त्याचं काय एवढं? रडणंसुद्धा त्यानं तिकडेच नेलं. आपल्या वाट्याचं लेकरूही त्या ग्राउंडनं खाल्लं, असं तिला वाटलं.

निघताना ती सरांना म्हणाली, "तो सामना आता कोणाले सांगू नका. तुम्ही तरी नका सांगू."

घरी येऊन तिनं वहीचं पहिलं पान शिवणीपासून हलकेच फाडलं. आधी चुलीत घालायचं ठरवलं होतं, पण हात पुढे जाईना. घडी घालून तिनं ते ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

अन्नपूर्णाबाई वही न्यायला आल्या. हातात घेताच त्यांना कळलं. त्यांनी पुठ्ठा उघडला, शिवणीवरून बोट फिरवलं.

"पान गेलं," त्या म्हणाल्या.

"गेलं," केसर म्हणाली.

"तिथूनच वही सुरू झाली होती."

"त्याच दिवशी माहा पोरगा मेला, बाई. इकडे त्याचे डोळे फिरून राह्यले होते, तिकडे तुम्ही गुण लिहून राह्यल्या होत्या. तो दिवस तुमच्या वहीत नाई राहणार."

अन्नपूर्णाबाईंचं तोंड उतरलं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खाटेच्या काठावर त्या बसल्या, वही मांडीवर घेऊन. म्हणाल्या की पान गेलं ते ठीकच झालं, पुन्हा लिहिणार नाही. पाठ असलं तरी लिहिणार नाही. मग उठताना, दाराशी, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याकडं तो रोज जेवायला यायचा, केसरबाई. बारा वर्षं मला तुमचा हेवा वाटायचा. माझ्याकडं नुसती ही वही."

केसरच्या खारट-अळणी भाजीचा कोणाला हेवा वाटत असेल, हे तिच्या सात जन्मांत ध्यानात आलं नसतं. तिला या बाईची दया यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच, थोडंसं का होईना, बरं वाटलं. बनियन मात्र तिनं तरीही दिला नाही.

स्पर्धा झाली. ग्राउंडभोवती बांबू ठोकून दोऱ्या लावलेल्या, लाउडस्पीकर, पताका. केसरला मंचावर खुर्चीत बसवलं होतं. एकवीस वर्षांनी ती त्या सिमेंटवर आली होती, तीही कोणाच्या तरी खुर्चीतून बघायला. रिंग तिला वाटली होती त्याहून उंच होती. तिच्याखालची जागा मात्र इतर कुठल्याही जागेसारखीच होती, भेगा पडलेली. तिथं कोणी उभं राहिलं की तिला ते सोसवेना.

गुणवंतराव भाषणाला उठले. लटारूचं खेडं, त्याचा डावा हात, त्याची शिस्त, सगळं सांगून झालं. मागून मुखरू ओरडला, नागपूरचं सांगा सर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुणवंतरावांनी एकदा केसरकडे पाहिलं. मग माइक दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "म्हातारा झालो. तो सामना आता आठवत नाही."

लोकांत कुजबुज झाली. ज्या माणसानं ती गोष्ट चारशे वेळा सांगितली तो आज विसरला, हे कोणाला पटेना. सर बसले आणि रुमालानं डोळे पुसत राहिले. केसरनं त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. तिनं त्यांना माफ केलं नव्हतं, आणि पुढेही केलं नाही.

शेवटी फलक उघडला. लटारू देवगडे, १९४१ ते १९८४, आणि खाली गुण, चार हजार सहाशे बारा. अन्नपूर्णाबाईंनीच आकडा दिलेला. मुखरू त्या दिवसापासून ठेल्यावर वाद घालू लागला की बाईंनी हिशोब चुकवला, चौतीस कमी आहेत, नागपूरचे धरलेच नाहीत. रंगाचा डबा घेऊन दोनदा तो आकडा दुरुस्त करायलाही निघाला होता. तो खिडकीशी येऊन केसरला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी सांगा बाईले." केसर म्हणाली की तिला आकडे येत नाहीत.

स्पर्धा संपल्यावर आठवडाभरातच कांतानं विचारलं, रविवारी अन्नपूर्णाबाईंकडे खेळायला जाऊ का? केसर नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही. पोरीनं पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. असं वर्ष गेलं. पोरगी घरातच भिंतीवर चेंडू मारत बसायची, कोणाशी बोलायची नाही, जेवून छताकडे पाहत पडायची. एक दिवस तशी तिला पडलेली पाहून केसरच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या रविवारी पहाटे तिनंच तिला उठवलं आणि जा म्हणाली. स्वतः घराच्या दारातून पुढे एक पाऊलही गेली नाही.

कांता उन्हं वर आल्यावर परत यायची, घामानं भिजलेली, आणि दारातूनच सांगायला सुरुवात करायची. कोणी पडलं, कोणी चिडलं, बाई काय म्हणाल्या, बिरजूकाका येऊन कसा डोंबाऱ्यासारखा उडी मारून दाखवत होता आणि कमरेत कळ येऊन कसा खाली बसला. नक्कल करून दाखवायची. नक्कल करायची ही सवय हिला कुठून आली, हे केसरला कोणी सांगायची गरज नव्हती. ती ऐकायची आणि आतून जळायची, की आता हीसुद्धा गेली तिकडेच. पण जेवताना पोरगी थांबली की तीच भाकर वाढता वाढता विचारायची,

"हं, मंग काय झालं?"